दुसऱ्याचं आमेन

गेवराईच्या स्टँडमागच्या गल्लीत रविराज पाटोळेचं मोटर भरायचं दुकान आहे. शेतकरी जळालेली पाणबुडी मोटर गाडीत घालून आणतो, रविराज ती उघडतो, काळी पडलेली तार ओरबाडून काढतो, नवी भरतो आणि गिऱ्हाइकासमोर एकदा चालवून दाखवतो. बटन दाबायच्या आधी मात्र तो मोटरवर उजवा तळहात ठेवून जरासा थांबतो. बघणाऱ्याला वाटतं, गरम झाली का ते बघतोय. अजून चालूच न केलेली मोटर गरम कशी होईल, हे आजवर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं खोटं सांगितलं असतं. खोटं त्याच्याकडं तयारच असायचं. जेवायच्या आधी डोळे मिटायचे, तर धूळ गेली म्हणून चोळायचे. शटर वर करताना ओठ हलायचे, तर तोंडात बडीशेप टाकून ठेवायची.

म्हणजे देव त्यानं सोडलेला नव्हता, आणि चारचौघांत धरलेलाही नव्हता. चोरीचा माल सांभाळावा तसा तो देव सांभाळत होता.

हा माल आला होता आजीआजोबांकडून. आजी एस्तेरबाई, गावाच्या तोंडात इस्तरबाई. आजोबा हरिबा. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेबानं दुसरं नाव सुचवलं तर हरिबा म्हणाला होता, देवानं मला हरिबा म्हणून हाक मारली, आता नाव बदललं तर पुढच्या बारीला त्यो कुणाला बोलवील? पाद्रीसाहेब हसला आणि हरिबाच्या डोक्यावर हरिबा म्हणूनच पाणी घातलं.

दोघं चकलांब्याच्या अलीकडच्या एका गावात, गावाबाहेरच्या वस्तीत राहायची. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायची. दिवस कलला की इस्तरबाई पदर खोचून निघायची, जिथं कुणी अंथरुणाला धरलंय तिथं. तिच्याकडं औषध नव्हतं, दोरा नव्हता, अंगारा नव्हता. ती आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवायची आणि देव बाजेच्या कडेला येऊन बसलाय अशा सुरात त्याच्याशी बोलायची. माणसावरच नाही, अंडी न घालणाऱ्या कोंबडीवर ठेवायची, रवंथ थांबलेल्या शेळीवर ठेवायची, सुरू न होणाऱ्या डिझेल इंजनावर ठेवायची. पाटलाची माणसं हसायची. इंजन बंद पडलं की तिलाच बोलवायची.

पण एकटी ती कधी कुणाकडं गेली नाही. हरिबाचा एक नियम होता. त्याचं म्हणणं, प्रार्थना एकानं करायची आणि आमेन दुसऱ्यानं म्हणायचं. "आपल्याच प्रार्थनेला आपणच आमेन म्हणायचं म्हंजे आपणच अर्ज लिवायचा आन आपणच मंजुरीचा शिक्का मारायचा. तसं चालत न्हाई. दुसरं माणूस लागतंय." हे कुठल्या पुस्तकात होतं असं नाही. चर्चमधल्या लोकांनाही ते ठाऊक नव्हतं. पण त्या घरात तो कायदा होता. इस्तरबाई बोलायची, हरिबा शेवटी खालच्या आवाजात "आमेन" म्हणायचा, आणि मग दोघं चहासुद्धा न घेता उठायची. चहा बऱ्याच घरांत विचारतही नव्हते. विचारला तर कप वेगळा.

हरिबाचे गुडघे गेले तेव्हा ते काम नातवाकडं आलं. रविराज शाळेतून आला की आजीच्या मागं निघायचा. अंगणात, ओट्याखाली, गोठ्याच्या दारात उभा राहायचा. आजीचं बोलणं संपलं की तिचा श्वास कुठं थांबतो हे त्याला कळायचं, आणि त्या थांबलेल्या श्वासात तो आपला शब्द ठेवायचा. प्रार्थना कशी करायची हे त्याला आजीनं कधी शिकवलं नाही आणि त्यानं कधी विचारलं नाही. त्याला फक्त आमेन येत होतं. तेवढाच त्याचा धर्म.

शाळेत पोरांनी त्याचं नावच ते पाडलं. "ए आमेन, चेंडू आण." हजेरी घेताना मास्तर रविराज पाटोळे म्हणायचे आणि मागून कुणीतरी आमेन म्हणायचं. मास्तर ओठातल्या ओठात हसायचे. जातीवरनं हाक मारली तर निदान चार माणसं गप्प बसतात. धर्मावरनं मारली तर सगळे हसायला मोकळे. रविराज घरी येऊन आजीला म्हणायचा, आज मी न्हाई येत. आजी म्हणायची, बरं. आणि दारात उभी राहायची. मग तो चप्पल घालायचा.

पुढं दोघं म्हातारी गेली. रविराज गेवराईला आला, काम शिकला, दुकान टाकलं. गाळा विजयसिंहाच्या कॉम्प्लेक्समध्ये मिळाला. विजयसिंह रविराजच्या मूळ गावचा पुढारी, एकदा पंचायत समितीत होता आणि तेव्हापासून पुन्हा व्हायच्या नादात आहे. आसपासच्या गावांच्या पाणीपुरवठ्याच्या मोटरी जळाल्या की त्याच्या शब्दानं रविराजकडं येत. त्यामुळं रविराज त्याला दादा म्हणायचा, आणि म्हणताना कंबरेत थोडा वाकायचा. थोडाच. पण वाकायचा.

बायको विजयमाला जालन्याकडची. ती वेगळ्या मातीची. जेवायला बसली की खणखणीत आवाजात प्रार्थना करणार. रविराज उठून टीव्हीचा आवाज वाढवून यायचा. ती थांबायची, त्याच्याकडं बघायची आणि टीव्हीच्या वर आवाज नेऊन पहिल्यापासून सुरू करायची.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या तालुक्यात एका घरात प्रार्थना चालू असताना जमाव घुसला. धर्मांतर चाललंय म्हणून बायाबापड्यांना बाहेर काढलं, वाजवायची पेटी फोडली, त्याचा व्हिडिओ केला. हनुमान नावाचा विजयसिंहाचा उजवा हात आहे, त्यानं तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली सत्तर जणांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी रविराजनं दुकानातलं बायबलच्या वचनांचं कॅलेंडर काढलं आणि खताच्या दुकानाचं लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. धमकी नव्हती, चिठ्ठी नव्हती. माणूस घाबरायचं ठरवून बसला की त्याला घाबरवायला कुणी लागत नाही.

मग एका दुपारी विजयसिंहाचा फोन आला.

"रव्या, आई बोलवायली. ये जरा घरी."

विजयसिंहाची आई केशरबाई. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलेली. पाटलाच्या घराण्यातली असून इस्तरबाईला उंबऱ्याच्या आत घेतलेली गावातली पहिली बाई. त्याची गोष्ट ती स्वतःच सांगायची, वाड्यावस्त्यांवर, लग्नाकार्यात, मुलाचं तोंड वाकडं झालं तरी सांगायची. पहिलटकरीण होती, बाळ आडवं आलं होतं, सुईण घामाघूम झाली होती. इस्तरबाई अंगणात बसून प्रार्थना करत होती. केशरबाई आतून ओरडली, तिला आत आणा न्हाईतर मी हितंच मरते. सासूनं आकांत केला. इस्तरबाई आत आली आणि उशाशी बसली. हरिबा गोठ्यात बैलांच्या मधे उभा होता, कारण बाळंतिणीच्या खोलीजवळ पुरुष नको. आतून इस्तरबाई बोलायची, गोठ्यातून हरिबा मोठ्यानं आमेन म्हणायचा, बैल कान हलवायचे. त्या दिवशी जे जन्माला आलं ते म्हणजे विजयसिंह.

रविराज गेला तेव्हा खोलीत विजयसिंह होता, हनुमान होता, पक्षाचे आणखी दोघं होते. पायाशी फरीदा बसली होती. फरीदा बांगड्यावाली. तिची सासू या घरात बांगड्या भरायला यायची, आता ही येते. केशरबाईच्या हातात बांगडी राहत नव्हती इतका हात वाळला होता, तरी फरीदा रोज यायची आणि पाय चेपून जायची.

केशरबाईनं त्याला ओळखलं. जवळ बस म्हणाली. तो खुर्ची ओढून बसला. तिनं आधी दुकानाचं विचारलं, मग लेकरांचं विचारलं, मग म्हणाली, इस्तरबाई काल सपनात आलती, अंगणातच उभी व्हती, आत ये म्हणलं तर येईना. बोलता बोलता तिला धाप लागली. धाप बसल्यावर तिनं त्याचं मनगट धरलं.

"तुही आजी करायची तशी कर की रं माझ्यासाठी."

हनुमानाच्या हातात मोबाइल होता. तो काही काढत होता की नुसता बघत होता, हे रविराजला त्या वेळी कळलं नाही आणि नंतरही नाही. त्याला फक्त मोबाइलची पाठ दिसत होती, आणि तिचा तो बारका गोल डोळा.

"आक्का, मला न्हाई येत," तो म्हणाला.

हे खरं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडं तयार खोटं नव्हतं आणि खरं तेच कामाला आलं, तेही पळून जायला.

केशरबाई हसली. दात नव्हते, नुसतं तोंड उघडलं. "तुला कुठं यायचं? ती बोलायची, तू निसता आमेन म्हणायचास. बर, मीच बोलते. तू तुव्हं काम कर."

आणि तिनं डोळे मिटले. रविराजला वाटलं, झोपेल. झोपली नाही. इतक्या वर्षांत इस्तरबाईच्या तोंडून ऐकलेलं सगळं तिच्यापाशी जसंच्या तसं होतं. शब्द तिचे नव्हते, पण आवाज ओळखीच्या माणसाशी बोलावा तसा होता.

"आभाळातल्या बापा," ती म्हणाली, "हे घर तुझं, हे माणूस तुझं. दुखणं हलकं कर. न्यायचं असंल तर हाताला धरून ने, मधीच सोडू नगंस. माझ्या पोराला अक्कल दे." इथं ती थांबली, दम घेतला. "आन माझ्या तुळजापूरच्या आईला बी निरोप दे, की केशर यायली म्हणून. तुमी दोघं मिळून बगा."

पक्षाच्या दोघांपैकी एकानं मान खाली घातली. विजयसिंह खिडकीतून बाहेर बघत होता.

मग तो श्वास थांबला. रविराजला तो श्वास माहीत होता. आजीचा तिथंच थांबायचा. त्याच्या जिभेवर शब्द आपोआप आला, दातांपर्यंत आला. एक शब्द. अंगणात उभं राहून, गोठ्यात उभं राहून, पोरांच्या टिंगलीत तो त्यानं म्हटला होता. आता तो खुर्चीत बसला होता, घरात, पाटलाच्या खोलीत, आणि त्याला गाळा दिसत होता, खताचं कॅलेंडर दिसत होतं, फोडलेली पेटी दिसत होती, त्या व्हिडिओखाली जोडलेले हात दिसत होते. केशरबाईनं डोळे उघडले नव्हते. तिची बोटं त्याच्या मनगटावर होती, आणि ती वाट बघत होती.

रविराज म्हणाला, "पाणी देऊ का, आक्का?"

केशरबाईच्या कपाळाला आठी पडली. लहान पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर पडावी तशी. ती तरी थांबून राहिली.

"आमीन," फरीदा म्हणाली.

पायाशी बसल्या बसल्या, चेपायचे हात न थांबवता म्हणाली. केशरबाईची आठी गेली. तिनं रविराजचं मनगट सोडलं आणि फरीदाकडं तोंड केलं.

हनुमान म्हणाला, "फरीदाभाबी, तुमचा काय संबंध?"

"दुआ हाय भय्या," फरीदा म्हणाली. "मरणाऱ्या माणसाची हाय. आमीन म्हणलं तर काय बिघडतं?"

फरीदाला काय कमी भीती होती? तिच्या नवऱ्याचा फळांचा गाडा वर्षात दोनदा उलथवलेला. तिच्यामागं कोण होतं? आणि ती बोलली. रविराज पाण्याचा तांब्या हातात धरून उभा राहिला. पाणी कुणी मागितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात केशरबाई गेली.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. विजयमालाला बाजारात फरीदाकडूनच कळलं. फरीदानं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. म्हातारी कशी शांत झाली ते सांगताना सांगितलं. विजयमाला पिशवी घेऊन घरी आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि दुकानात येऊन उभी राहिली. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत थांबली. मग ती म्हणाली, तुमच्या आजीला माहीत व्हतं तुमाला जास्तीचं काही झेपणार न्हाई, म्हणून तुमाला एकच शब्द दिला, त्यो बी तुमी ठेवला न्हाई. एवढं बोलून ती गेली.

त्या दिवशी तयार असलेली मोटर रविराजनं चालवून दिली. बटन दाबताना हात मोटरकडं गेला आणि त्यानं तो मागं घेतला. आता कुठल्या तोंडानं ठेवायचा? मोटर चालली. हात न ठेवताही मोटर चालते, हे त्याला दिसलं, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशीही चालली. त्याच्या पुढच्याही. जेवताना तो डोळे उघडे ठेवून घास तोंडात घालू लागला, जनावरासारखा. विजयमालाची प्रार्थना चालू असताना टीव्हीचा आवाज वाढवायलाही तो उठेना. ती शेवटी थांबायची, मग आपलं आपणच आमेन म्हणायची. हरिबाच्या कायद्यानं ते आमेन कुठंच पोचत नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

तेरवीला जाऊन विजयसिंहाला खरं सांगायचं, असं त्यानं ठरवलं. काय सांगायचं तेही जुळवलं. दादा, आक्कानं मरताना माझ्याकडं एक गोष्ट मागितली आणि मी भिऊन दिली नाही. माझ्या आजीनं तुमच्या जन्माच्या वेळी जे केलं, ते मला तुमच्या आईच्या मरणाच्या वेळी करता आलं नाही. मला माफ करा. गाळा गेला तरी चालेल, एवढंही तो मनात म्हणाला. विजयमालाला त्यानं सांगितलं. शर्टाला इस्त्री तिनंच केली.

तेरवीला मांडव मोठा होता. पुढारी आले होते, टँकर उभे होते, पंगतीवर पंगत उठत होती. विजयसिंह माणसं वाटेला लावत होता. रविराज टँकरच्या बाजूला थांबून राहिला. विजयसिंह मोकळा झाला तेव्हा तो पुढं गेला आणि जुळवलेलं बोलायला लागला. अर्धंच बोलून झालं होतं, भिऊन दिली नाही इथपर्यंत आलं होतं, तेवढ्यात विजयसिंह हसला. हसण्यात राग नव्हता. जिव्हाळाच होता.

"माफी कशाची मागतूस बे?" तो म्हणाला. "आई आठ दिवस एकच धरून बसलती. इस्तरबाईवानी कुणाला तरी आणा. पाद्री आणला असता तर दुसऱ्या दिवशी बोंब झाली असती, विजयसिंहाची आई बाटली म्हणून. न्हाई म्हणावं, तर मरणाऱ्या माणसाला न्हाई कसं म्हणावं? मग हनुमान म्हणला, पाटोळेला आणा. इस्तरबाईचा नातू बी हाय आन तोंड बी उघडणार न्हाई. तसंच झालं बग. आईचं मन राहिलं, आपलं बी निभावलं. ती फरीदा मधी बोलली, पर ते जाऊ दे."

रविराजला वाटलं, कानात कुणीतरी मोटर लावली. म्हणजे त्याला बोलावलं होतं ते याचसाठी. त्याची भीती गावाला पाठ होती. एखाद्याचं दुकान कधी उघडतं, गाडी कधी येते, हे माहीत असावं तशी. जे तो मनात लपवत होता, ते हे लोक हत्यार म्हणून वापरत होते, आणि त्यानं ते त्यांच्या हातात नेऊन दिलं होतं, शर्टाच्या बाह्या खाली करून, चप्पल बाहेर काढून.

"दादा, तुमी जन्मला तवा…" त्यानं सुरुवात केली.

"तू आपला माणूस हाईस," विजयसिंह म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"इकडं बगा," हनुमान म्हणाला. फोटो निघाला. मागून कुणी आमदाराचा माणूस आला आणि विजयसिंह त्याच्याकडं वळला.

रविराज न जेवता निघाला. बुंदीच्या पंगतीच्या कडेनं, ताटं ओलांडत, कुणी हाक मारली तर न थांबता निघाला. गाडीवर बसून गेवराईपर्यंत तो मोठमोठ्यानं बोलत होता. जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं रस्त्याला सांगत होता. विजयसिंहाचा हात त्यानं झटकला होता, असंही एकदा त्याला वाटलं. निदान त्याच्या तोंडावरनं त्या माणसाला कळलं असणार. त्याच्या तोंडावर तेव्हा काय असेल, हे तो पुन्हा पुन्हा आठवून बघत होता, आणि त्यातच त्याला थोडा धीर येत होता.

घरी आल्यावर त्यानं विजयमालाला सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. त्याला का बोलावलं होतं तेही सांगितलं. सांगताना आवाज चढला. तिनं भाजी चिरायची थांबवली. मी लई चिडलतो, तो म्हणाला, अंगाची आग झाली होती, त्यानं खांद्यावर हात टाकला तेव्हा तर वाटलं, आता याचा हात मोडावा.

विजयमालाचा मोबाइल ओट्यावर होता. गावाच्या ग्रुपवर तीही होती. तिनं तो उचलला, बोटानं वर सरकवत गेली, आणि एका जागी थांबली. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"चिडला व्हता म्हणता?"

"लई."

तिनं मोबाइल त्याच्यासमोर धरला. खाली हनुमाननं लिहिलं होतं, मातोश्रींच्या तेरवीस सर्व समाजाची उपस्थिती. फोटोत विजयसिंहाचा हात त्याच्या खांद्यावर होता. आणि तो हसत होता. ओठ फाकवून, पुढचे दात दाखवून, गिऱ्हाईक पुन्हा यावं म्हणून हसतात तसं. मान थोडी विजयसिंहाकडं कललेली. दोन्ही हात छातीपाशी जोडलेले. कंबरेत बाक.

रविराजनं मोबाइल हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. ते हात कधी जोडले, ते हसू कधी आलं, काहीच त्याला आठवेना.

"हे कवा झालं?" त्यानं विचारलं.

विजयमालानं विळी पुढं ओढली आणि भाजी चिरायला घेतली. "मला काय इचारता," ती म्हणाली. "तोंड तुमचं हाय."